नव्या झाडानं मान टाकली, तर पाण्याआधी मुळं बघा

नर्सरीतून आणलेलं झाड चार-आठ दिवसांत मान टाकतं आणि घरातल्या प्रत्येकाचा हात तांब्याकडं जातो. सकाळी एकानं पाणी घातलेलं असतं, संध्याकाळी दुसरा घालतो. पानं लोंबली म्हणजे झाड तहानलं, असं वाटणं साहजिक आहे. पण लोंबलेलं पान एवढंच सांगतं की त्याच्यापर्यंत पुरेसं पाणी पोचत नाही. का पोचत नाही, हे पान सांगत नाही. माती कोरडी असेल म्हणून पोचत नसेल, किंवा माती चिंब असूनही मुळांना ते पाणी ओढता येत नसेल. दोन्हीत पान सारखंच दिसतं आणि उपाय मात्र नेमके उलटे आहेत. घरात आणलेली नवी झाडं तहानेनं मरतात त्यापेक्षा काळजीपोटी घातलेल्या पाण्यानं जास्त मरतात, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर हे हमखास घडतं.

म्हणून आधी मुळांचं काम समजून घ्यायला हवं. पाणी ओढण्याचं बहुतेक काम जाड मुळं करत नाहीत. मुळाच्या टोकाच्या जरा मागं, एका पेशीच्या जाडीचे अतिशय नाजूक केस असतात. ते मातीच्या कणांना चिकटून पाणी आणि क्षार आत घेतात. या केसांचं आयुष्यच मुळात थोड्या दिवसांचं असतं आणि झाड सतत नवे केस काढत असतं. पिशवी फाडताना, मातीचा गोळा हलवताना, कुंडीत दाबताना हे केस तुटतात. वरची पानं मात्र तेवढीच राहतात आणि तेवढीच वाफ हवेत सोडत राहतात. खर्च तोच, आवक घटलेली. झाड मग पानांवरची रंध्रं मिटून घेतं. त्यानं पाणी वाचतं, पण रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, अन्न कमी तयार होतं आणि नवी मुळं काढायला लागणारी साखर कमी पडते. कुंडी बदलल्यावर झाडाला जो धक्का बसतो तो हाच. त्यातून झाड स्वतःच बाहेर येतं. आपण फक्त पानांचा खर्च कमी ठेवायचा आणि मुळांना हवा मिळू द्यायची.

हवा हा शब्द इथं महत्त्वाचा आहे. मुळं श्वास घेतात. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या तर त्यांना प्राणवायू मिळत नाही, ती पाणी ओढायचं थांबवतात आणि दोन-चार दिवसांत कुजायला लागतात. चिखलात उभं असलेलं झाड कोमेजतं ते असं.

नर्सरीत टवटवीत, घरात मलूल

झाडाचा पहिला धक्का कुंडी बदलण्याच्या आधीच बसलेला असतो. नर्सरीत ते ५० ते ७५ टक्के सावली देणाऱ्या हिरव्या जाळीखाली, शेजारच्या शेकडो झाडांच्या गर्दीत, दमट हवेत वाढलेलं असतं. बरीचशी झाडं तर मुळात आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमसारख्या नर्सऱ्यांच्या पट्ट्यातून ट्रकनं आलेली असतात. म्हणजे ती एकदा प्रवासानं दमलेली असतात, आणि इथं स्थिरावायच्या आत पुन्हा आपल्या घरी येतात.

घरातला उजेड आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटतो, झाडाला नाही. जाळीखालच्या जागी भर दिवसा दहा हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड असतो. खोलीत खिडकीपासून दोन मीटर आत तोच काही शे लक्सवर येतो. मंगळवार पेठेतलं एकमेकांना चिकटलेलं जुनं घर असो की उपनगरातला फ्लॅट, कोपऱ्यातल्या टीपॉयवर झाड ठेवलं की त्याच्या दृष्टीनं संध्याकाळच झाली. मग ते जुनी पानं पिवळी करून टाकतं, कारण एवढ्या उजेडात तेवढी पानं पोसणं त्याला परवडत नाही. हा आजार नाही. खालची दोन-तीन पानं पहिल्या तीन आठवड्यांत गेली तर घाबरू नका.

आणखी एक नुकसान वाटेतच होतं आणि ते सहज टाळता येतं. दुचाकीवर झाड पुढं धरून महामार्गावरून आणलं तर वाऱ्यानं पानं अर्ध्या तासात सुकतात. पानांभोवती जुनी ओढणी, वर्तमानपत्र किंवा सैल पिशवी गुंडाळा, कुंडी पायाशी ठेवा, आणि एप्रिल-मे असेल तर खरेदी संध्याकाळी करा. पार्सलनं आलेलं झाड तीन-चार दिवस अंधारात काढून आलेलं असतं. ते उघडल्यावर थेट उन्हात ठेवू नका. पहिले दोन दिवस खिडकीपासून दूर, मग जवळ.

आधी ओळखा, मग हात लावा

कुंडी उचलून बघा. पाणी घातल्यावर लगेच ती किती जड लागते हे एकदा हाताला कळलं की पुढं तराजूची गरज पडत नाही. मग खराट्याची कोरडी काडी कुंडीच्या कडेनं पाच-सात सेंटिमीटर खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी कोरडी आणि स्वच्छ निघाली तर माती खरंच कोरडी आहे. काडीला ओलसर माती चिकटली तर प्रश्न तहानेचा नाही. वरची माती बोटानं चाचपून निर्णय घेऊ नका. वरचे दोन सेंटिमीटर पंख्यानं सुकलेले असतात आणि खाली चिखल असतो, ही कोल्हापुरातल्या जुलैमधली नेहमीची स्थिती.

तहानलेल्या झाडाची पानं पातळ, मऊ आणि कडेनं कुरकुरीत होतात, माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली दिसते, आणि भरपूर पाणी दिल्यावर काही तासांत पानं उभी राहतात. पाणी जास्त झालेल्या झाडाची पानं लोंबतात तशीच, पण खालून पिवळी पडत वर जातात, खोडाचा बुडखा मऊ किंवा काळपट होतो, आणि मातीला आंबूस, कुजकट वास येतो. वास हा सगळ्यांत भरवशाचा पुरावा आहे. निरोगी मातीला पहिल्या पावसानंतरच्या शेताचा वास येतो.

तिसरी शक्यता बहुतेक जण विसरतात: दुपारी मान टाकलेलं झाड सकाळी ताठ असतं. हे फक्त उन्हाचं, गरम हवेचं लक्षण. पश्चिमेच्या खिडकीत मेमध्ये तीन ते पाचच्या दरम्यान असं होतं. काही करू नका, फक्त झाड एक मीटर आत सरकवा किंवा पडदा लावा. झाडाची तब्येत नेहमी सकाळी बघावी.

आणि पानं उलटी करून बघा. पानाच्या देठाशी कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. पानाखाली बारीक जाळी आणि वरून फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी. मातीवरून उडणारी बारीक काळी चिलटं म्हणजे माती सतत ओली आहे. नवं झाड दोन आठवडे जुन्या झाडांपासून वेगळ्या खोलीत ठेवण्याचं कारण हेच.

निदान झालं की उपचार सोपा आहे. कोरडं पडलेलं असेल तर वरून तांब्याभर ओतून उपयोग नाही, कारण कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा कडकडीत वाळलं की पाणी धरत नाही, ते कडेनं खाली निघून जातं. कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत म्हणजे वीस-तीस मिनिटं ठेवा, मग काढून पूर्ण निथळू द्या. उलट चिंब असेल तर पाणी बंद. बशी रिकामी करा, झाड वारा असलेल्या सावलीत न्या, कडेनं काडीनं आठ-दहा भोकं पाडा. तरी दोन दिवसांत फरक नसेल तर गोळा बाहेर काढून वर्तमानपत्राच्या चार-पाच थरांत गुंडाळून तासभर ठेवा. कागद पाणी ओढून घेतो. त्याच वेळी मुळं बघून घ्या.

मुळं पांढरी, मोतिया किंवा फिकट तपकिरी आणि घट्ट असतील तर ठीक. तपकिरी, लिबलिबीत आणि ओढल्यावर साल निसटून आत दोऱ्यासारखं काही उरत असेल तर कुजलेली. रंगावरच मात्र जाऊ नका: ड्रॅसिनाची निरोगी मुळं नारिंगी-पिवळी असतात. घट्टपणा बघा, वास घ्या.

आणल्या आणल्या कुंडी बदलू नका

नवं झाड आणलं की त्याच संध्याकाळी सुंदर कुंडीत लावायची घाई असते. जागा बदलली हा एक धक्का, मुळं हलली हा दुसरा. दोन्ही एकत्र देऊ नका. उजेड, हवा, घरातलं तापमान याची सवय व्हायला दोन ते चार आठवडे द्या, मग कुंडी बदला. तोवर काळी पिशवी डोळ्यांना खुपत असेल तर ती तशीच शोभेच्या कुंडीत ठेवा. वास्तुशांतीला किंवा वाढदिवसाला भेट आलेल्या चिनीमातीच्या कुंड्यांना बहुतेकदा खाली भोकच नसतं, त्यांचा उपयोग इतकाच. पाणी घालताना पिशवी बाहेर काढा, निथळू द्या, मग परत ठेवा.

घाई करावीच लागते ती काही ठिकाणी. मुळं कुजलेली दिसली, मातीत कीड आहे, मुळांनी पिशवी इतकी भरलीय की पाणी आत शिरतच नाही, किंवा गोळा कडक चिकणमातीचा आहे जो पाण्यानंतर चार दिवस ओलाच राहतो, तर त्याच आठवड्यात बदला.

हंगामाचं म्हणाल, तर घरातल्या उष्णकटिबंधातल्या झाडांसाठी कोल्हापुरात जूनचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टचा मध्य हा सर्वांत चांगला काळ. हवा दमट, तापमान सौम्य, पानांचा खर्च कमी आणि मुळं वाढीला लागलेली. त्यानंतर फेब्रुवारी अखेर ते मार्चचा पहिला आठवडा. एप्रिल-मेमध्ये कोरडी गरम हवा पानांतून पाणी ओढते, डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या गारव्यानं मुळं मंदावतात. या दोन काळांत अडचण असल्याशिवाय गोळ्याला हात लावू नये.

माती: इथं खरा घोळ होतो

कोल्हापूर मातीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये आहे. पश्चिमेला पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडं तांबडी जांभ्याची माती. पूर्वेला हातकणंगले, शिरोळकडं उसाची काळी. काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत ती घात करते. ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते, वाळली की आकसून कडेपासून सुटते, भेगा पडतात, आणि त्या भेगांबरोबर बारीक मुळंही तुटतात. नंतर घातलेलं पाणी भेगेतून थेट बशीत येतं. शेतावरून पोतं भरून काळी माती आणून कुंड्या भरण्याचा मोह कितीही झाला तरी घरातल्या झाडांसाठी ती वापरू नका.

उसाच्या पट्ट्यात दुसरा मोह असतो तो बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, आणि कारखान्याच्या मळीचा, म्हणजे रस गाळून उरलेल्या प्रेसमडचा. कच्चं बगॅस किंवा पाचट कुंडीत कुजायला लागलं की ते कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र स्वतःकडं ओढतात, झाड पिवळं पडतं, आणि मिश्रण महिन्याभरात खाली बसतं. ताजी मळी कुजताना तापते. पूर्ण कुजून काळी, भुसभुशीत, वास न येणारी झालेली मळी परसातल्या झाडांना छान. धक्का बसलेल्या घरातल्या झाडाला पहिले दोन महिने तीही नको.

चालणारं मिश्रण असं: एकाच मापाच्या डब्यानं दोन डबे धुतलेलं कोकोपीट, एक डबा चाळलेली तांबडी माती, एक डबा गांडूळ खत, एक डबा भरड वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे). आठ इंची कुंडीत साधारण साडेचार लिटर मिश्रण बसतं, त्यामुळं एक लिटरचा डबा घेतला तर एका कुंडीचं काम होतं. पर्लाइटच्या जागी भाताचं जळकं तूस उत्तम आणि इथं सहज मिळणारं; आजरा, चंदगड, राधानगरीच्या भात गिरण्यांचं तूस असतंच. फक्त ते काळं, अर्धवट जळलेलं हवं. जळून पांढरट राख झालेली असेल तर ती अल्कधर्मी असते, मातीचा सामू (pH) वर नेते आणि झाडाला लोह मिळेनासं होतं. काळं तूसही एकदा पाण्यातून काढून घ्या.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट चार लिटर पाण्यात भिजवली की सुमारे आठ लिटर होते. ते दोन-तीन पाण्यांतून धुवायलाच हवं, कारण नारळाच्या काथ्यात क्षार राहतात आणि ताज्या तुटलेल्या मुळांना ते जाळतात. धुवून मुठीत दाबलं तर एक-दोन थेंब यावेत, धार नाही.

कुंडी आधीच्यापेक्षा व्यासानं दोन ते पाच सेंटिमीटरच मोठी घ्या. जास्त मोठी घेतली तर मुळं जिथं पोचलेलीच नाहीत ती माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कूज तिथूनच सुरू होते. कुंडीच्या तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घालण्याची पद्धत सर्वत्र आहे; त्यानं निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच थबकतं. म्हणजे खडी घातल्यानं ओला चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा उपडी खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती, आणि तळापासून मिश्रणच भरा.

प्लास्टिक की मातीची? पाणी जास्त घालायची सवय असेल आणि पावसाळा तोंडावर असेल तर मातीची. तिच्या भिंतीतून ओल निघून जाते. उन्हाळ्यात आणि रोज लक्ष देता येत नसेल तर प्लास्टिकची. शाहूपुरीतल्या किंवा गंगावेशीतल्या कुंभार गल्लीतून नवी कुंडी आणली तर लावण्याआधी दोन तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती पहिल्या दिवशी मातीतलं पाणी स्वतःच पिते.

कुंडी बदलताना

आदल्या दिवशी संध्याकाळी झाडाला पाणी द्या. गोळा ओलसर असला की सुटतो नीट आणि मुळं कमी तुटतात. चिखल असेल तर फुटतो, कोरडा असेल तर मुळं ओढली जातात. काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सावलीत करा आणि मिश्रण, कुंडी, पाणी हाताशी ठेवूनच पिशवी उघडा, कारण उघडी पडलेली बारीक मुळं वाऱ्यानं काही मिनिटांत वाळतात.

पिशवी ब्लेडनं उभी चिरा. खोड धरून झाड उपसू नका. कुंडीतून काढायचं असेल तर कुंडी आडवी करून भिंत चहूबाजूंनी दाबा, खालून भोकातून अंगठ्यानं ढकला. गोळा हलक्या कोकोपीटचा असेल आणि मुळं गोल फिरत नसतील तर त्याला मुळीच छेडू नका, जसा आहे तसा बसवा. मुळं गोल वेटोळं घालून बसली असतील तर बोटांनी सैल करा. फार घट्ट असतील तर गोळ्याच्या बाजूंना तीन-चार ठिकाणी वरून खाली एक सेंटिमीटर खोल चिरा द्या. कापलेल्या जागेवरूनच नवी मुळं फुटतात.

तांबड्या चिकणमातीचा कडक गोळा हे वेगळं प्रकरण. तो तसाच हलक्या मिश्रणात बसवला तर वरून घातलेलं पाणी सोपी वाट धरून भोवतालच्या कोकोपीटमधून निघून जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. कुंडीतून पाणी गळताना दिसतं, झाड मात्र तहानेनं वाळतं. अनेक नव्या झाडांचं मरण या एका गोष्टीत आहे. गोळा अर्धा तास बादलीत भिजवा, बाहेरचा एक-दोन सेंटिमीटर आणि खालचा एक तृतीयांश भाग पाण्यातच बोटांनी सोडवा, मधला गाभा खोडाजवळ राहू द्या. सगळी माती धुवून मुळं उघडी करणं टाळा. ते फक्त कुजलेल्या मुळांसाठी.

कुजलेली मुळं स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं निरोगी भागापर्यंत कापा, प्रत्येक कापानंतर कात्री पुन्हा पुसा. त्यानंतर कृषी सेवा केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्माची भुकटी लिटरला पाच ग्रॅम पाण्यात कालवून मातीत द्या. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे, म्हणून त्याच आठवड्यात रासायनिक बुरशीनाशक घालू नका, ते हिलाही मारतं.

झाड पूर्वी जितकं खोल होतं तितकंच ठेवा. खोडावर मातीची जुनी रेघ दिसते, ती नव्या मातीच्या पातळीला आली पाहिजे. जास्त खोल गाडलं तर बुडखा कुजतो. काठाखाली दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. माती अंगठ्यांनी दाबून ठासू नका. कुंडी दोन-तीनदा जमिनीवर हलकी आपटली की पोकळी भरते. आता खालून येईपर्यंत सावकाश पाणी द्या, माती बसली तर थोडी भर घाला, अर्ध्या तासानं बशी रिकामी करा. झाड डुगडुगत असेल तर काडीला सैल बांधा. हे शोभेसाठी नाही: झाड हललं की रोज नव्यानं फुटलेले मूळकेस रोज तुटतात आणि धक्का संपतच नाही. निवडुंगवर्गीय झाडं आणि कोरफडीसारख्या मांसल पानांच्या झाडांना मात्र लावल्यावर आठवडाभर पाणीच नको, कापलेली मुळं आधी सुकून भरली पाहिजेत.

पुढचे तीन आठवडे

पूर्वेच्या खिडकीजवळ, थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवा. झाडाच्या जागी हात धरला आणि सावलीची कड पुसट पण ओळखता येण्याजोगी दिसली तर उजेड योग्य. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट पानांवर नको. एकदा जागा ठरवली की हलवू नका.

फेब्रुवारी ते मे या काळात फार मलूल झालेल्या झाडावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी तंबूसारखी चढवा. तीन काड्या रोवून पिशवी पानांना चिकटणार नाही असं करा, ऊन लागू देऊ नका, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं उघडा. आत हवा दमट राहते, पानांचा खर्च एकदम उतरतो. आठवड्यानंतर रोज थोडा जास्त वेळ उघडत न्या. एकदम काढली तर झाड पुन्हा मान टाकतं. पावसाळ्यात हा तंबू करू नका, हवा आधीच दमट असते आणि आत बुरशी धरते. पानांवर पाणी फवारल्यानं दमटपणा काही मिनिटंच टिकतो, त्यावर विसंबू नका.

पहिले दोन-तीन दिवस झाड लोंबलेलंच दिसेल. चौथ्या ते सातव्या दिवसादरम्यान सकाळी पानं जरा वर आलेली दिसायला लागतात, हीच खूण. नवं पान यायला तीन आठवडे लागतात, मुळं कुंडीत नीट पसरायला चार ते सहा. या काळात पाण्याचा वार ठरवू नका, दर वेळी काडीनं बघा. मेमध्ये ज्या कुंडीला तीन दिवसांनी पाणी लागतं तिलाच जुलैमध्ये आठ-दहा दिवस लागणार नाही. लोंबलेली पण हिरवी पानं कापू नका. नव्या मुळांसाठी लागणारी साखर तीच देतात. मुळं एक तृतीयांशाहून जास्त कापावी लागली असतील तरच तेवढ्या प्रमाणात खालची जुनी पानं काढा.

आणि वरून खत नको. हे ठासून सांगावं लागतं, कारण इथं घरटी कुणीतरी शेतकरी असतो आणि ‘चिमूटभर युरिया टाक, उभं राहील’ असा सल्ला मायेनं येतो. शेतात तो युरिया खोल मातीत पसरतो. चार लिटरच्या कुंडीत त्याचा तीव्र द्राव होतो आणि मुळात पाणी शिरण्याऐवजी मुळातून बाहेर ओढलं जातं. पानांच्या कडा जळतात. डीएपी या दुसऱ्या रासायनिक खताचंही तेच. गुळाचं पाणी जीवामृतात, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या खतात, जीवाणू वाढवायला वापरतात, तिथं ते योग्यच आहे. नुसतं कुंडीत ओतलं तर ओल्या मातीतला उरलासुरला प्राणवायू जीवाणू संपवतात आणि मुंग्या, चिलटं येतात. व्हिटॅमिन बी-१ च्या गोळ्या आणि साखरेचं पाणी यांनीही धक्का ओसरत नाही. पहिलं खत चार ते सहा आठवड्यांनी, नवं पान पूर्ण उघडल्यावर: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, ओल्या मातीत, महिन्यातून एकदा.

कोणतं झाड कसं वागतं

पीस लिली सगळ्यांत जास्त घाबरवते. तहान लागली की पूर्ण आडवी पडते आणि पाणी दिलं की काही तासांत उभी राहते. तिच्यामुळंच लोकांचा ‘पाणी घातलं की बरं होतं’ हा समज पक्का होतो आणि मग तोच उपाय झीझी प्लांटवर केला जातो. झीझी आणि स्नेक प्लांट खोडात, कंदात पाणी साठवतात. ते सहसा तहानेनं लोंबत नाहीत. त्यांचं पान मऊ होऊन वाकलं तर मूळ कुजलंय असंच धरा, लगेच कुंडीतून काढून बघा. फायकस बेंजामिना जागा बदलली म्हणूनच ढिगानं पानं गाळतो. फांद्या लवचीक असतील तर हलवू नका, तो नवी पानं आणतो. अरेका पामला मुळांना हात लावलेला आवडत नाही, गोळा फोडू नका. पानांची टोकं तपकिरी होणं क्षारयुक्त बोअरच्या पाण्यानंही होतं, त्याला साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं. डिफेनबेकियाचा चीक तोंडाला, डोळ्यांना झोंबतो. लहान मुलं असतील तर तो छाटताना हातमोजे घाला आणि तुकडे लगेच उचला.

सगळं करूनही मूळ वाचलं नाही तर खोड बघा. मनी प्लांट, सिंगोनियम यांच्या निरोगी शेंड्याचा दोन पेरांचा तुकडा पेराच्या खाली कापून पाण्यात ठेवला, एक पेर बुडालेलं राहिलं, पाणी दर तीन दिवसांनी बदललं, तर दोन आठवड्यांच्या आत-बाहेर मुळं फुटतात. ती पाच सेंटिमीटर झाली की मातीत लावा. फार लांब वाढू दिली तर पाण्यातल्या मुळांना मातीची सवय लागायला वेळ जातो. रबर प्लांट, फायकस यांसारख्या लाकडी खोडांवर नखानं साल जराशी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर जीव आहे, तपकिरी कोरडं असेल तर तेवढा भाग गेला. शेंड्याकडून खाली खरवडत या, जिथं हिरवं लागेल त्याच्या जरा वर छाटा, रबराचा पांढरा चीक ओल्या फडक्यानं पुसून घ्या. पानं नसलेल्या अशा बुडख्याला पाणी फारच कमी लागतं, काडी जवळजवळ कोरडी निघाल्यावरच द्या. पावसाळ्यात त्याला महिन्या-दीड महिन्यात फूट दिसते, हिवाळ्यात छाटलेलं असेल तर मार्चपर्यंत कुंडी ठेवून द्या.